उसवायला लावलं म्हणून वर्ग सोडायचा?

पत्र :

ताई, मी हायस्कुलातला निवृत्त गणित शिक्षक. वय ६८, मुक्काम अनगोळ, बेळगाव. सकाळी वाचनालयात पेपर, संध्याकाळी देवळाचा कट्टा, असा दिनक्रम. माझ्या आईचं एक काळं इरकल लुगडं आहे, त्यावर कर्नाटकी कशिदा भरलेला. कापड विरत आलंय, कशिदा जागेवर आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर तो मला पहिल्यांदा नीट दिसला आणि हे आपल्याला यायला पाहिजे असं मनानं घेतलं. शहापुरात एक मुलगी घरी वर्ग घेते, मंगळवार-शुक्रवार दुपारी तीनला. बाकी सगळ्या बायका. मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा, वेळच घालवायचा तर रंगवायची पुस्तकं पाठवतो. ही म्हणते, आधी शर्टाची गुंडी लावायला शिका की हो. कट्ट्यावर 'काय मास्तर, कुंची शिवणार काय' म्हणून विचारतात. हे सगळं चाललं असतं. पण गेल्या महिन्यात त्या मुलीनं सगळ्यांसमोर माझं कापड पालथं केलं आणि म्हणाली, 'बिच्चरी सर, सगळं उसवा.' चार दिवसांचं काम! तिच्या आईला मी शिकवलं असेल, एवढं तिचं वय. तिचं निम्मं बोलणं कन्नडात, धागे मोजताना माझा घोटाळा होतो. हातही पूर्वीसारखा स्थिर नाही. दोन आठवडे गेलेलो नाही. या वयात हे शिकून करायचं तरी काय? आणि एक गंमत : रात्री भरतकामाची रिंग टेबलावर ठेवली की सकाळी एखादा वाकडा टाका सरळ झालेला असतो. तो मी केलेला नसतो.

उत्तर :

सर, नमस्कार.

आधी उत्तर देते, रीत मागाहून. येत्या शुक्रवारी वर्गाला जा. ते कापड आहे तसं घेऊन जा, घरी उसवत बसू नका. एवढंच वाचून निघालात तरी माझी हरकत नाही.

आता रीत. त्या मुलीनं कापड पालथं का केलं, हे तिनं समजावून सांगितलेलं दिसत नाही. कशिद्याचे टाके चार : गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. नेगी विणल्यासारखी भरत जाते आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका. या दोन्हींत मागची बाजू वेगळी दिसली तर चालतं. गवंती आणि मुरगीला ही सवलत नाही. कापड कुठूनही बघा, नक्षी तीच दिसली पाहिजे. गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक मोकळं सोडायचं आणि नंतर टाक्यांखालून ओवून जिरवायचं. कापडावर छाप नसतो, पेन्सिलीची रेघ नसते. उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. नवशिक्याला पहिल्यांदा गवंतीच देतात, तेव्हा तुमच्याकडेही गवंतीच असणार. पुढून तुमचं काम बरं दिसत असेल, म्हणून तर वाईट वाटलं. पण मध्ये कुठे वाट चुकली की पाठीमागून धागा लांब उडी मारून दुसरीकडे न्यावा लागतो, आणि ती उडी पुढून कळत नाही. तिनं ती बघितली.

हे तुमच्याच विषयातलं आहे, म्हणून थोडं लांबवते. कोनिग्सबर्गचे सात पूल तुम्ही मुलांना फळ्यावर काढून दाखवले असतील. प्रत्येक पुलावरून एकदाच जायचं आणि एकही गाळायचा नाही. ऑयलरनं १७३६ मध्ये दाखवून दिलं की हे जमणारच नाही, कारण तिथल्या चारही भूभागांपाशी येणाऱ्या पुलांची संख्या विषम आहे. गवंतीत कोडं तेच आहे, फक्त इथे प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं असतं : जाताना एक टाका वर, एक खाली, आणि येताना राहिलेल्या जागा भरत. दोनदा जायचं म्हटल्यावर प्रत्येक बिंदूपाशी संख्या सम झाली. म्हणजे नक्षी सलग जोडलेली असेल तर निघालात तिथे परत पोचता येतंच. अंदाजानं नव्हे, सिद्ध करून. वाटेत फाटा लागला की आधी त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं, मग मुख्य रेघ पुढे न्यायची. गोपुराची एक-एक पायरी, रथाची चाकं, पालखीचा दांडा, तुळशीवृंदावनाचे कोनाडे, सगळं या एका नियमात बसतं. शाळेची पायरी न चढलेल्या बायका हे कोडं कागदाशिवाय, गप्पा मारता मारता सोडवत आल्या आहेत, आणि आपण त्याला भरतकाम म्हणून मोकळे होतो.

तेव्हा त्या दिवशी झालं ते असं : उत्तर बरोबर, रीत चूक. अशा पेपराला तुम्ही किती मार्क दिले असते?

सगळ्यांसमोर नको होतं, हे मला मान्य आहे. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं हे कोणालाच कळत नाही, तुम्हाला तरी लगेच कळलं होतं का, आठवून बघा. पण तिच्यापुढे दुसरा सोपा रस्ता होता. 'वा, छान जमलंय' म्हणून रिंग तुमच्या हातात परत द्यायची. समोरचा माणूस आजोबांच्या वयाचा, वर्गात एकटा पुरुष, उद्या फीचे पैसे बुडायला नकोत. शंभरातल्या नव्वद जणी तेच करतील. या मुलीनं तसं केलं नाही. बाकीच्या बायकांना जो नियम तोच तुम्हाला लावला, कारण तिला तुम्हाला खरंच कशिदा शिकवायचा आहे.

माझ्याकडे या विषयावर जी पत्रं येतात त्यात तक्रार बहुतेक वेळा उलटी असते. साठी ओलांडली की आजूबाजूचे लोक माणसाला सोपं काहीतरी देऊ लागतात. रंगवायची पुस्तकं. तयार साच्यातल्या पणत्या. एका तासात 'मधुबनी'. शेवटी एक फोटो, एक प्रमाणपत्र, सोबत उपमा. मला या प्रकारांचा राग येतो, तो इथे थोडा बाहेर पडला तर सांभाळून घ्या. 'तुम्हाला आता जमेल तेवढंच करा' असं प्रेमानं सांगणारा तुम्हाला मोडीत काढत असतो. तुमचा मुलगा वाईट नाही, त्यानं पुस्तकं पाठवायची तयारी दाखवली. पण त्याच्या मनात प्रश्न 'बाबांचा वेळ कसा जाईल' एवढाच आहे. तुम्ही वेळ घालवायला गेलाच नव्हतात. तुम्हाला एक विद्या यायला पाहिजे होती. या दोन्हींची गल्लत घरचे करतील, करू द्या. तुम्ही करू नका.

याला थोडा शास्त्राचा आधारही आहे, पण तो बेतानंच घ्या. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या केंद्रात डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० या वयातल्या दोनशेहून अधिक माणसांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गोधडीकाम शिकवलं, काहींना डिजिटल कॅमेऱ्यावर फोटोग्राफी, काहींना दोन्ही. आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास, तीन महिने. दुसऱ्या बाजूला एक गट नुसता एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ करणारा होता आणि एक घरी बसून संगीत ऐकणारा, सोपी शब्दकोडी सोडवणारा. शेवटी चाचण्या घेतल्या तर नवं काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती बाकीच्यांपेक्षा सुधारलेली दिसली, फोटोग्राफीवाल्यांची जास्त. गप्पा-सहली वाईट नाहीत, पण चाचणीत त्यांनी तेवढा फरक पडला नाही. फरक पडला तो रोज थोडं अडायला लावणाऱ्या कामानं. यावरून 'कशिदा करा, विसरभोळेपणा जाईल' असा निष्कर्ष काढू नका. प्रयोग तीन महिन्यांचा होता, औषधाचा नव्हता. शिवाय आठवड्याला पंधरा तास म्हणजे चांगलीच मेहनत. तुमचे दोन वर्ग मिळून चार तास होत असतील, बाकी घरी बसायचं.

धीर द्यायला लोक रवींद्रनाथांचं नाव घेतात. साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं. खरं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. टागोरांना 'सगळं उसवा' म्हणणारं कोणी समोर बसलं असेल असं वाटत नाही. आपल्या बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे नव्वदी गाठली तरी पेटी शिकवत होते, पण ते आयुष्यभर पेटीवरच होते, तेव्हा तोही दाखला नवशिक्याला लागू नाही. तुमच्या जवळचं उदाहरण खानापूरकडच्या एखाद्या भजनी मंडळात सापडेल. नोकरी संपल्यावर गावी परतून पखवाज हाताशी घेतलेला कोणीतरी तिथे असतोच, आणि ठेका सुटला की बुवा भजन थांबवून त्याच्याकडे बघतात. तो रात्री घरी जातो आणि एकादशीला परत येतो.

डोळ्यांचं आणि हातांचं बघू. ऑपरेशननंतरचा वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरावर बेतलेला असतो, आणि रिंग आपण पुस्तकापेक्षा जवळ धरतो. रिंग हातात धरून डोळ्यापासून तिच्यापर्यंतचं अंतर घरच्या कोणाकडून टेपनं मोजून घ्या आणि तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो. उजव्या हातानं काम करत असाल तर उजेड डावीकडून घ्या, नाहीतर हाताची सावली नेमकी सुईवर पडते. मांडीवर पांढरा पंचा पसरा. कापड गडद असेल तर खालून पांढरं असल्यावर भोकं दिसतात. सुई बोथट टोकाची घ्या, टोकदार सुई दोन धाग्यांमधून जाण्याऐवजी धागाच फोडते आणि मग मोजणी बिघडते. सुई ओवायला तारेची ओवणी मिळते, ती वापरण्यात कमीपणा काही नाही. धागा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून तो पिंजतोही.

आणि कापड. तिनं तुम्हाला सुरुवातीलाच सुती इरकलीच्या पोताचं कापड दिलं असेल तर मी तिच्याशी सहमत नाही. मॅटीच्या कापडावर काही महिने काढा. मॅटीत धाग्यांचे चौकोन उघड दिसतात, मोजायला सोपं जातं, आणि चुकतं ते वाटेचं चुकतं, नजरेचं नाही. ती नाही म्हणाली तर मात्र तिचं ऐका. वर्ग तिचा आहे.

हात स्थिर नाही म्हणता. हे आताच सुरू झालं असेल, एकाच हाताला असेल किंवा हात नुसता मांडीवर ठेवला असतानाही थरथरत असेल तर कशिद्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षं थोडासा असेल तर कोपर टेबलावर टेका, रिंग टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं अडकवता येते का बघा, म्हणजे एक हात पूर्ण मोकळा होतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली की सुई कापडात टोचून ठेवून उठायचं आणि लांबचं काहीतरी बघायचं. अनगोळात लांबचं दिसायला गच्चीवर जावं लागेल, तेवढाच जिना.

उसवण्याबद्दलही एक सांगते, कारण तुम्ही ते शिक्षा म्हणून घेतलंय. कशिदा कात्रीनं कापून उसवत नाहीत. ज्या वाटेनं धागा गेला त्याच वाटेनं एक-एक टाका मागे काढायचा, सुईच्या नेढ्याच्या बाजूनं, म्हणजे कापडाचा धागा तुटत नाही. वाट उलटी चालताना नेमकं कुठे चुकलो ते कळतं. म्हणूनच घरी उसवू नका म्हटलं. तिच्यासमोर उसवा आणि चुकीच्या ठिकाणी पोचलात की तिला दाखवा. ती 'सगळं' म्हणाली होती, पण कदाचित अर्ध्यावरच भागेल. वाट जिथपर्यंत बरोबर आहे तिथपर्यंतचं राखता येतं का, एवढं विचारायला हरकत नाही.

कन्नडाचं म्हणाल तर तुम्हाला बाजारापुरतं, बसपुरतं येतंच. अडचण मोजण्याची आहे. ती मूरु म्हणते, तुमच्या डोक्यात तीन होतं आणि तेवढ्यात एक धागा निसटतो. चाळीस वर्षांची सवय आहे, लगेच जायची नाही. वर्गात तिच्याबरोबर ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असंच मोजा, तोंडानं, मोठ्यानं. घरी हवं तसं मोजा. पाढे कन्नडातून म्हणायला कोणी सांगत नाहीये.

बायकांच्या वर्गात एकटा पुरुष, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात, त्यांना विचारलात का? दुपारचे दोन तास हे त्यांच्यापैकी काहींचे आठवड्यातले एकमेव मोकळे तास असतील. तुम्ही बसल्यावर त्यांचं बोलणं आखडतं का, हे शिकवणाऱ्या मुलीला एकदा सरळ विचारा. आखडत असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा, किंवा वेळ बदलून मागा. बहुतेक तशी वेळ येणार नाही. शहापूर-वडगावच्या मागांवर पुरुष पिढ्यानपिढ्या बसत आले, धागा त्या भागाला नवा नाही, पुरुषाच्या हातात तर नाहीच. एक मात्र पाळा : तिथे कोणाच्या नातवाची गणिताची अडचण निघाली तर वर्ग सुटल्यावर, बाहेर. मध्येच खडू हातात घेऊ नका. शिक्षकांना ही खोड असते आणि निवृत्त शिक्षकांना जास्त.

कट्ट्यावाल्यांना कुंची शिवून दाखवायची गरज नाही.

आता त्या सकाळच्या सरळ झालेल्या टाक्याकडे येते. तुम्ही तो पत्राच्या शेवटी गंमत म्हणून लिहिलात. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. घरात माणसं दोनच असतील तर तो टाका वहिनींनी घातलाय, यात कोडं नाही. त्यांना हे येतं. शाळेत शिकल्या असतील, माहेरी शिकल्या असतील, आणि मग चाळीस-पंचेचाळीस वर्षं हातात सुई आली ती फाटलेलं टाचायला, गुंड्या लावायला. तुमच्या गुंड्या. 'आधी गुंडी लावायला शिका' यात थट्टा आहेच, पण मला त्यात जुनं काहीतरीही ऐकू येतं.

तुम्ही निवृत्त झालात, त्या झाल्या का? तुम्ही तीनच्या वर्गाला निघता तेव्हा घरात काय चाललेलं असतं, पाच-साडेपाचला परत येता तेव्हा चहा कोण करतं, हे तुमच्या पत्रात नाही, आणि मी त्यासाठी तुम्हाला दोष देत नाही. आपल्याकडे पुरुषाच्या शिकण्याला घर जागा करून देतं. बाईचं शिकणं सगळी कामं आवरल्यावर, रात्री, दिवा लावून, कोणाला न सांगता एका टाक्यापुरतं होतं. साठीनंतरच्या शिकण्यावर मोठमोठं बोलणारे आपण सगळे हा हिशेब सोडून देतो. माझ्याकडे बायकांची पत्रं येतात, पेटी शिकायची आहे, खानापूरच्या मातीत हात घालून कुंभारकाम शिकायचं आहे, मोडी वाचायला शिकायचं आहे, आणि पत्राच्या शेवटी ठरलेलं वाक्य : पण दुपारी घर सोडता येत नाही.

वहिनींना 'मला शिकव' म्हणू नका. नवऱ्याला शिकवण्याचं आणखी एक काम त्यांच्या अंगावर पडेल. 'तूही वर्गाला चल' असंही लगेच म्हणू नका, त्यांना तुमच्याबरोबर, तुमच्याच वर्गात, तुमचीच आवड हवी असेल असं कशावरून? एवढंच विचारा : तुला काय शिकायचं होतं? उत्तर यायला दिवस लागतील. 'आता काय राहिलंय' असं पहिलं उत्तर येईल, ते धरू नका. दरम्यान आठवड्यातल्या दोन दुपारी तुम्ही घरी थांबा, दूधवाला, पै-पाहुणा, कुरियर, भाजी सगळं तुमच्याकडे, आणि त्यांना बाहेर जाऊ द्या. वर्गालाच गेल्या पाहिजेत असं नाही. बहिणीकडे जातील, कपिलेश्वराला जाऊन बसतील. मोकळी दुपार हातात आल्यावर काय करायचं ते सुचायलाही वेळ लागतो. आणि हो, गुंडी लावायला खरंच शिका. बोथट सुईनं नाही लागायची, दुसरी घ्या.

राहिला 'हे शिकून करायचं काय'. तुमच्यासारख्या माणसासाठी एक काम डोळ्यांसमोर आहे, पण ते आज सुरू करायचं नाही, म्हणून सांगू की नको असं झालं होतं. सांगते. आईचं ते इरकल. त्यावर नवा टाका घालू नका, विरलेल्या जागी तर नाहीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर आधी बाहेर काढा, धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा, हँगरला लटकवू नका, दर दोन-तीन महिन्यांनी घडीच्या जागा बदला. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासांनी जोडलेला असतो, त्या जोडावर घडी येऊ देऊ नका. एवढं आजच्या आज करा.

दुसरं काम वर्षभरानं. कशिदा मोजून घातलेला असतो, म्हणजे आलेखाच्या कागदावर तो जसाच्या तसा उतरवता येतो. एक चौकोन म्हणजे किती धागे ते ठरवायचं, सुईच्या टोकानं भिंगातून मोजत जायचं. प्रत्येक आकृतीचं वेगळं पान : हत्ती कुठल्या बाजूला तोंड करून आहे, रथाला चाकं किती, मोराच्या शेपटीत रेघा किती, रंग कुठला, पदरापासून किती अंतरावर. दोन्ही बाजूंचे फोटो. आणि पानाखाली आईचं नाव, माहेरचं गाव, आठवत असेल तर ते लुगडं कोणत्या कार्याला आलं ते. आपल्या भागातल्या ट्रंकांमध्ये अशी किती इरकलं आहेत कोण जाणे. कशिद्याला भौगोलिक मानांकन आहे, बाजारात कशिद्याच्या साड्या आहेत, मशीनवरच्या नकला तर चिक्कार आहेत, पण एका विशिष्ट बाईनं एका विशिष्ट लुगड्यावर वाट कशी काढली हे तिच्या कापडाशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. ती पानं करायला गवंती हाताला कळलेली लागते. नाहीतर तुम्ही नुसतं चित्र उतरवाल आणि वाट हुकेल. शेजारच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांतली लुगडी बघायला मिळाली तर उत्तमच. बघायला मिळतीलही, कारण तुम्हाला 'सर' म्हणणारी माणसं त्या घरांत असणार. एकदा सवड काढून धारवाडलाही जाऊन या. तिकडच्या जुन्या जाणत्या हातांचं काम पालथं करून बघू देतील का, हे नम्रपणे विचारा.

तोवर पहिल्या वर्षातलं काही कोणाला भेट देऊ नका. मुलाला नाही, सुनेला नाही. भेट द्यायची ठरली की माणूस पुढच्या बाजूकडे बघत टाके घालू लागतो आणि पुन्हा तोच घोटाळा. व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटावर फोटोही नको. तिथे पहिल्याच रथाला अंगठे आणि फुलं येतील, आणि त्यांचा काडीचा उपयोग नाही.

शुक्रवारी पावणेतीनला पोचा, बाकीच्या यायच्या आधी. तिला म्हणा, 'दोन आठवडे आलो नाही, राग आला होता.' कारण सांगितलंत तर पुढच्या वेळी ती बाजूला घेऊन सांगेल, आणि नाही सांगितलंत तर तिला वाटेल म्हातारे कंटाळले. बुडालेल्या दोन आठवड्यांची फी वळती करून मागू नका. मॅटीचं विचारा. दोन लडी धागा जास्तीचा घ्या, उसवलेला धागा पुन्हा वापरता येत नाही.